बेसिनचा पाइप आणि शनी

"माणिक, माझ्या पायावर पाणी कुठनं येतंय?"

आईनं खालून हे विचारलं तेव्हा मी गच्चीच्या जिन्यात अर्ध्यावर होते आणि तिच्या बेसिनखालच्या पाइपाची जोडणी माझ्या हातात होती. दिवेलागण झाली होती. तिनं नेहमीसारखा हात धुवायला नळ सोडला आणि पाणी सरळ तिच्या पावलांवर आलं. बेसिनखाली बादली सरकवायचं मला सुचलंच नव्हतं. टेलिफोनच्या ऑफिसात मी भल्याभल्यांना दमात घ्यायचे, पण आईचा आवाज चढला की माझी गाळण उडायची. मी तशीच वर पळाले.

वर गच्चीवर अप्पा दुर्बिणीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी दिसताच त्यांनी विचारलं, "बसतोय का?" मी म्हटलं, बसेल, पण खाली युद्ध सुरू झालंय. ते हसले नाहीत. आधी बसव, म्हणाले.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते कळायला जरा मागे जायला हवं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात केमिस्ट होते. माणूस अबोल आणि त्याहून जास्त हट्टी. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो तेव्हा त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की दुर्बिणीचा आरसा घरी घासून करता येतो. झालं! मुंबईहून जाड काचेच्या दोन चकत्या आल्या. एक चकती पिंपावर बसवायची, तिच्यावर खरखरीत पूड आणि पाणी टाकायचं, आणि दुसरी तिच्यावर घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. अप्पा कामावरून आले की चहा घ्यायचे आणि फेऱ्या सुरू करायचे. कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्या, सबनीस साहेबांनी कसला नवस बोललाय? आई म्हणायची, मलाही विचारून सांगा. दोन गळीत हंगाम त्या फेऱ्या चालल्या.

आरसा झाला, मुंबईहून त्याच्यावर चकचकीत मुलामा चढवून आला, लाकडाची लांब नळी झाली. अडलं ते नेत्रिकेपाशी. नेत्रिका म्हणजे ज्याला आपण डोळा लावतो ते बारकं भिंग. आरसा उजेड गोळा करतो, नेत्रिका चित्र मोठं करते. आरसा घरी घासता येतो, नेत्रिका विकतच घ्यावी लागते, आणि तेव्हा ती विकत मिळतच नव्हती. अप्पांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मोडक्या मायक्रोस्कोपची नेत्रिका मागून आणली आणि तिच्या मापाचं नळीला तोंड केलं. तिच्यातून चंद्र झकास दिसायचा. शनी मात्र दोन्ही बाजूंना कान असलेल्या तांदळाच्या दाण्याएवढा.

आणि अप्पांना शनीच नीट बघायचा होता. शनीची कडी एकसंध नाहीत. त्यांच्यामध्ये एक बारीक काळी फट आहे. आरसा चांगला घासला गेला असेल तर ती फट दिसते, नसेल तर सगळं एकात एक मिसळून जातं. आपण केलेला आरसा चांगला की वाईट, हे कुठला माणूस सांगत नाही, शनी सांगतो.

त्या सुमारास पुण्याहून आगटे नावाचे एक गृहस्थ कॉलनीत आकाशदर्शनाचा कार्यक्रम करायला आले. मोठे जाणकार. अप्पांनी हौसेनं आपली दुर्बीण मैदानात मांडली. आई पोह्यांच्या बश्या फिरवत होती, मी टॉर्च धरून उभी होते. आगट्यांनी ती फट म्हणजे काय ते सगळ्यांना समजावून सांगितलं आणि मग डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग अप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सबनीस, हौस चांगली आहे तुमची. पण हा आरसा दाढीला वापरा."

सगळे हसले. अप्पाही हसले. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "नेत्रिका चांगली असती तर फट दिसली असती." आगट्यांचं खरं की अप्पांचं, हे चांगली नेत्रिका मिळाल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. अप्पांनी दुर्बीण टाकून दिली नाही. मध्यंतरी आरशाला नवा मुलामाही देऊन आणला. पण त्यानंतर त्यांनी घराबाहेरच्या कुणाला शनी दाखवला नाही.

मला आकाशाचं वेड लागलं ते त्यांच्यामुळेच. लग्न होऊन साताऱ्याला गेले, तिथं दोनचार माझ्यासारखेच जमवले. गावाबाहेरच्या माळावर सतरंजी टाकून आम्ही तारे बघत पडायचो. टॉर्चला लाल कागद लावलेला, कुत्री भुंकतायत, आणि कुणी ना कुणी येऊन विचारायचाच की धन शोधताय का. माझा नवरा लोकांना सांगायचा, हिच्या रात्रीच्या बाहेर जाण्याची मला काळजी नाही, फक्त आमचा थर्मास परत येऊ दे.

नेत्रिका शोधायचं काम अप्पांकडून माझ्याकडे आलं ते तसंच. अरे देवा, काय काय म्हणून सांगू! मुंबईत फोर्टमधल्या एका दुकानदारानं मला विचारलं, मुलाच्या प्रोजेक्टसाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. तर तो माझ्या मागे बघायला लागला, नवरा कुठे उभा आहे म्हणून. मग त्यानं खेळण्यातली एक दुर्बीण काढली. खोक्यावर आकाशगंगांची चित्रं, आत प्लास्टिकची भिंगं. कोलकात्याच्या एकाकडून टपालानं मागवली तर नुसती डबी आली, भिंगच नाही. पत्र लिहिलं तर त्याचं उत्तर आलं की डबी चांगली आहे ना? दिल्लीच्या एकानं कळवलं की किमान एक पेटीभर घ्या. मी घेऊन करू काय? शनी एक, अप्पा एक!

मग राहिला अमेरिकेचा रस्ता. माझा आतेभाऊ शिरीष तिकडे असतो. त्याला सांगून ठेवलं. पहिल्या खेपेला तो विसरला आणि चॉकलेटं घेऊन आला. दुसऱ्या खेपेला त्यानं मामांसाठी शनीच्या फोटोंचं कॅलेंडर आणलं. अप्पांनी ते मुकाट्यानं भिंतीला लावलं. मी मात्र शिरीषशी कितीतरी दिवस धड बोलले नाही.

तोवर अप्पा निवृत्त होऊन फलटणला घर बांधून राहिले होते, आणि त्यांचे डोळे जायला लागले होते. उजवा आधीच गेला. मग एका दिवाळीत डावाही बिघडायला लागला. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. औषध नाही. त्या वर्षी शनीची कडी पुरेपूर उघडलेली होती आणि पुढं वर्षागणिक मिटत जाणार होती. पुन्हा तेवढी उघडायची तर पंधराएक वर्षं जायची. मी शिरीषला फोन लावला आणि म्हटलं, "या वेळी चॉकलेटं आणलीस तर तुझ्यादेखत गटारात टाकीन. मामांचा एक डोळा उरलाय. कळलं?"

त्याला कळलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी तो गाडीनं फलटणला आला, नेत्रिका अप्पांच्या हातात ठेवली, जेवला आणि कोल्हापूरला पुढे गेला. मी मुद्दाम साताऱ्याहून आले होते. अप्पांनी डबी उघडली. जड, काळीभोर, भिंगावर हिरवट झाक. त्यांनी ती डोळ्यांपाशी नेली नाही, बोटांनी चाचपून बघत बसले. मी म्हटलं, आणा इकडे, लावून बघते.

ती बसेना. आमच्या नळीचं तोंड मायक्रोस्कोपच्या मापाचं आणि हिची दांडी त्याहून जाड. अर्ध्या नखाएवढंही आत जाईना. आम्ही बापलेकींनी इतकी वर्षं भिंगाच्या जातीवर काथ्याकूट केला होता, भिंग किती मिलिमीटरचं हवं, मुलामा कुठला हवा यावर भांडलो होतो. शिरीषला दोन पानं भरून माहिती लिहून पाठवली होती. दांडीची जाडी किती हवी हे दोघांनाही सुचलं नाही. मी कपाळावर हात मारला. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती म्हणाली, ब्लाउजपीस घेताना आधी अस्तराचं माप बघतात, एवढं शिकलेल्यांना कळत नाही? आणि आत गेली.

मी लेथवाल्याकडे धावले. तो म्हणाला, दांडीच्या मापाचं तोंड करून देतो, बुधवारी या. मी घरी येऊन तसं सांगितलं, तर अप्पा म्हणाले, "बुधवार नको. आज बघू." आयुष्यात कधी घाई न केलेला माणूस. ऊस वेळेवर आला नाही म्हणून सगळा कारखाना ओरडत असताना हे शांतपणे पेपर वाचायचे. मला जरा नवल वाटलं, पण मी विचारलं नाही.

संध्याकाळी वैतागून तोंड धुवायला बेसिनपाशी गेले. साबण हातातून निसटून खाली गेला. तो उचलायला वाकले आणि समोर पाइप आला. दोन पाइप जिथे जोडतात तिथं एक मोठा चकचकीत नट असतो, आत रबरी वायसर असतो, आणि नट आवळला की वायसर पाइपाला गच्च धरतो. मी तशीच ओल्या हातांनी नेत्रिका घेऊन आले आणि पाइपाच्या जाडीशी लावून बघितली. उन्नीसबीस तेवढीच! पाना आणला, जोडणी सोडवली, आणि वर पळाले. पाणी आईच्या पायांवर आलं ते त्यानंतर.

गच्चीवर मी मायक्रोस्कोपचं जुनं तोंड उपटून काढलं, त्या भोकात ती जोडणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ठोकून बसवली, नेत्रिका आत सरकवली आणि नट आवळला. अशी बसली म्हणता! जसं काही पाइप करणाऱ्यानं शनी मनात धरूनच तो केला होता.

शनी जवळजवळ डोक्यावर आला होता. नळीवरून नेम धरून मी शोधत राहिले. इतकं मोठं करणाऱ्या भिंगात एकदा ग्रह सापडायचा म्हणजे घागरीत हात घालून मोती शोधण्यातला प्रकार. सापडला की पृथ्वी फिरते म्हणून लगेच बाजूला पळतो, पुन्हा नळी ढकला. शेवटी आला. मी नेत्रिका आतबाहेर सरकवून तो स्पष्ट केला. गोळा वेगळा, कडं वेगळं, मध्ये काळं आकाश. आणि कड्यात रेघ होती. होती ना? की इतकी वर्षं ती असावी असं वाटत होतं म्हणून मी ती बघत होते? हवा थरथरली की जायची, थांबली की यायची. मला छातीठोकपणे सांगता येईना.

मी अप्पांना पुढं केलं. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला. मी नळी सांभाळत उभी राहिले. बराच वेळ झाला. मी दोनतीनदा ग्रह पुन्हा मध्ये आणून दिला.

"अप्पा, दिसतोय?"

"कडेनं दिसतो," ते म्हणाले. "सरळ बघितलं की जातो. लांबट काहीतरी आहे. बाजूला बघितलं की येतं."

अंधूक तारा बघायचा तर त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं, हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. मला वाटलं सवयीनं बोलतायत. मग माझ्या लक्षात आलं, की गेल्या महिन्याभरात ते पेपरातले फक्त मथळे वाचून दाखवत होते. आज दुपारी शिरीषशी बोलताना त्याच्या कानाकडे बघून बोलत होते. बुधवार का नको ते मला तिथं उभं असताना कळलं.

"मधलं गेलं का?" मी विचारलं.

"संक्रांतीच्या आसपास गेलं," म्हणाले. "तुम्हाला सांगून काय करायचं होतं? तू लगेच पुण्याला न्यायला निघाली असतीस." आणि खुर्चीत बसले.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, शिरीषच्या चॉकलेटांचा, कोलकात्याच्या त्या डबीवाल्याचा, माझा स्वतःचा. मी म्हटलं, अप्पा, मी बघितलंय, फट आहे. स्पष्ट आहे. त्यांनी मान हलवली.

"तुला दिसणारच. तुला दिसायलाच हवी आहे. आकाशात जे सांगितलेलं असतं ते माणसाला दिसतं, हे मी तुला सांगायला हवं का? उद्या मी पण म्हणेन दिसली. त्याला काही अर्थ नाही."

माणूस खोटं बोललेलं ओळखतो तेव्हा समजावता येतं, पण हा माझ्या खऱ्यावरही विश्वास ठेवायला तयार नव्हता, आणि मला त्याचं बरोबर वाटत होतं. ज्याला फट असते हे ठाऊकच नाही असा साक्षीदार आता या वेळी कुठून आणायचा?

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आई वर आली. एका हातात पोतेरं, लुगड्याचा काठ ओला. माझं बेसिन उपटून वर काय दिवे लावलेत ते बघू दे, असं काहीबाही जिन्यापासूनच चाललं होतं. गच्चीच्या दारात येऊन मात्र ती थांबली. तिनं अप्पांकडे बघितलं, खुर्चीत हात सोडून बसलेल्या. मग माझ्याकडे. मी हळूच सांगितलं, त्यांना दिसत नाहीये गं. ती म्हणाली, माहितीये मला, चहा कपाबाहेर ओततात तेव्हापासून.

आता इथं एक सांगायला हवं. आईनं त्या दुर्बिणीला आजवर एकदाही डोळा लावला नव्हता. चंद्र बघायलासुद्धा नाही. कारण ती दुर्बीण मुळात शनीसाठी केलेली. दर शनिवारी ती उपास करायची, शनीला तेल घालायची. शनीच्या देवळात समोर उभं राहू नये, त्याची नजर आपल्या नजरेला मिळू नये, बाजूनं नमस्कार करून निघावं, असं तिच्या माहेरी सगळ्या बायका मानायच्या. ज्याच्यापासून नजर चुकवायची त्याला हे भिंगातून मोठा करून बघतात, आणि मग डोळे जातात तर नवल काय, असं तिनं मला एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आणि आज तर शनिवारच होता.

तिनं पोतेरं कठड्यावर ठेवलं. पदर खोचला. "कुठनं बघायचं असतं?" तिनं विचारलं.

अप्पांनी मान वर केली. मी घाईघाईनं तिला पाट आणून दिला, तिच्यासाठी शनी पुन्हा मध्ये आणला. सांगू लागले, आई, हे बघ, मधला गोळा म्हणजे... तर अप्पा कधी नव्हे ते माझ्यावर कडाडले. "गप्प बस. तिला एक अक्षर सांगायचं नाही."

आईनं आधी डोळे मिटून नमस्कार केला. मग डोळा लावला. पहिल्यांदा म्हणाली, काही नाही, काळं आहे. मग म्हणाली, पळाला. मी पुन्हा आणून दिला. मग ती तशीच बघत राहिली. खाली रस्त्यावर उसाची बैलगाडी चालली होती, तिच्या चाकांचा आवाज दूर गेला.

"माणिक," ती म्हणाली, "तुझ्या भिंगात केस अडकलाय."

आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती नेत्रिका पुसायला निघाली. मी तिचा हात धरला. अप्पा खुर्चीतून उठले होते.

"कुठं आहे केस?" त्यांनी विचारलं.

"त्या कड्यावर."

"कड्यावर कुठं? नीट बघून सांग."

"अहो, कड्याबरोबरच गोल गेलाय. बाहेरच्या अंगाला. दोन्ही टोकांना चांगला काळा आहे, पुढच्या बाजूला बारीक होतो. बाहेरचं कडं अरुंद पडलंय त्याच्यामुळं, आतलं रुंद. पाटलीच्या बाहेर बांगडी घालावी तसं दिसतंय." ती नेत्रिकेवर फुंकर मारून पुन्हा बघायला लागली. "जात नाही. पुसायला दे ना मला."

अप्पा मटकन खाली बसले. खुर्ची मागे होती म्हणून बरं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. फट टोकांनाच ठळक दिसते, पुढे बारीक होते, हे पुस्तकातली नक्कल करणाऱ्यालाही चटकन सुचत नाही. आगट्यांनी त्या दिवशी ते सांगितलंही नव्हतं.

"राहू दे," अप्पा आईला म्हणाले. "तो केस जायचा नाही."

मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, सोड, अंगाला बेसिनचं पाणी लागलंय. अप्पांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की तो केस कसला आहे हे तिला अजिबात सांगायचं नाही. उद्या पुन्हा विचारायचंय. मी म्हटलं, आगट्यांना पुण्याला फोन करून कळवू का? ते म्हणाले, कशाला, ते काही केस बघायला फलटणला यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नवा पाइप आणायला निघाले तर आई म्हणाली, बेसिनला आण, पण वरचा काढू नकोस. तो वरच बरा आहे.

पुढं शनी पश्चिमेला बुडेपर्यंत, जवळजवळ तीन महिने, त्यांचा रोजचा कार्यक्रम ठरला. दिवे लागले की दोघं गच्चीवर. नळी ढकलायला आई शिकली. मी शनिवारी जायचे तेव्हा खालूनच ऐकू यायचं. अप्पा विचारायचे, "आज आहे का गं तो केस?" आणि आई म्हणायची, "आहे हो. जातोय कुठं." नंतरच्या वर्षीही तेच, कडी मिटायला लागली तरी तेच. अप्पांना त्या वेळी तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त कडेचे केस आणि कान. ते म्हणायचे, तेवढ्यावर भागतं. ते गेले तेव्हा कडी अगदी अरुंद झाली होती.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, कडी पुन्हा उघडली तेव्हा, मी फलटणला गेले होते. आई मेथी निवडत बसली होती. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. मी म्हटलं, आई, तो केस नव्हता गं. कड्यांमधली फट होती ती. ती दिसली म्हणजे अप्पांचा आरसा चांगला घासलेला.

"माहितीये," आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"कधी कळलं तुला?"

"आगटे आले होते तेव्हा. पोह्यांच्या बश्या घेऊन मागं मीच उभी होते की. सगळं ऐकलं होतं. ते दाढीचं पण."

म्हणजे ज्या साक्षीदाराला काहीच ठाऊक नाही म्हणून अप्पांनी विश्वास ठेवला, तिला सगळं ठाऊक होतं. मला पुढचं विचारायची भीती वाटली, तरी विचारलं. म्हटलं, म्हणजे तुला त्या दिवशी खरंच काही दिसलं नव्हतं?

"दिसलं नाही कसं? शनीसमोर खोटं बोलेन का मी, तेही शनिवारी?" तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "पण 'फट दिसते' म्हटलं असतं, तर ह्यांनी मानलं असतं का? म्हणाले असते, लेकीनं शिकवलं. रेघ होतीच गं. केस तेवढा माझा."